सामानाचा काटा घेऊन पीएस५ आणायला गेले त्याची गोष्ट

फेब्रुवारी २०२१ मध्ये मी एका अनोळखी मुलाला प्लेस्टेशन ५ च्या (पीएस५, म्हणजे सोनीचं व्हिडिओ गेम खेळायचं मशीन) मूळ किमतीच्या पावणेदोन पट पैसे दिले. टंचाईतला माल आधीच उचलून चढ्या भावाने विकणाऱ्यांपैकी तो एक. त्याच्या तीनच महिने आधी, हेच केलेल्या एका सहकाऱ्याला मी ऐकवलं होतं, "तुमच्यासारख्यांमुळेच या लोकांचे धंदे चालतात." तो बिचारा नुसता हसला होता. पुढे मीही तसंच घेतल्याचं त्याला कळलं, तेव्हाही तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता एवढी घाई कशाची होती? तर एका खेळाची. 'डेमन्स सोल्स' हा खेळ २००९ मध्ये पीएस३ वर आला, तेव्हा मी नोकरीला नवीन होते आणि रात्री जागून तो खेळले होते. अतिशय छळवादी खेळ. सुरुवातीलाच एक धिप्पाड राक्षस समोर येतो आणि बहुतेकांना आडवं करतो. मेल्यावरच खरा खेळ सुरू होतो. खेळात कमावलेलं सगळं चलन मेल्या जागी सांडतं, आणि ते परत उचलायला त्याच वाटेने जावं लागतं. पुन्हा मेलात तर कायमचं गेलं. त्याची नव्याने घडवलेली आवृत्ती पीएस५ सोबतच येणार होती, आणि फक्त पीएस५ वर. जुन्या मशीनवर नाही, कंप्युटरवर नाही. म्हणजे जो खेळ माणसाला धीर धरायला शिकवतो म्हणून मी लोकांना सांगत फिरायचे, त्याच खेळासाठी माझा धीर सुटला.

सुरुवात मात्र मी शहाण्यासारखी केली होती. सप्टेंबर २०२० च्या १६ तारखेला सोनीने किंमत आणि तारीख जाहीर केली. प्री-ऑर्डर दुसऱ्या दिवसापासून, असं सांगितलं होतं, म्हणून मी गजर लावून निवांत झोपले. सकाळी उठून पाहते तर बऱ्याच दुकानांनी आदल्या संध्याकाळीच खिडकी उघडलेली आणि संपवलेलीही. तीन दिवसांनी सोनीने, हे अधिक सुरळीत व्हायला हवं होतं, असं जाहीरपणे कबूल केलं आणि माफी मागितली. माफी मी वाचली. मशीन काही मिळालं नाही.

मग नोव्हेंबर, मशीन बाजारात आलं तो महिना. करोनामुळे दुकानांबाहेर गर्दी नको म्हणून पहिल्या दिवसाची सगळी विक्री ऑनलाइनच ठेवली होती. एरवी पहाटे चारला रांगेत उभं राहणाऱ्याला निदान आपल्या पुढे किती डोकी आहेत ते दिसतं. इथे फक्त एक गोल चक्र फिरत होतं. पहिल्या दिवशी मी चार वेगवेगळ्या साइट उघडून बसले. एकीवर पान उघडलंच नाही. दुसरीवर 'तुम्ही रांगेत आहात' हे वाक्य पन्नास मिनिटं दिसलं आणि मग रांग संपली, माल त्याच्या आधीच संपला होता. तिसरीवर मशीन चक्क कार्टमध्ये पडलं! कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी आला, आणि तो टाकेपर्यंत कार्ट रिकामी. ही तिसरी साइट माझ्या डोक्यात फार दिवस राहिली. हातात आलेलं कुणीतरी काढून नेल्यासारखं वाटत होतं. खरं तर कार्टमध्ये टाकलं म्हणजे राखून ठेवलं असं बहुतेक ठिकाणी नसतंच. पैसे आधी ज्याचे जातील, माल त्याचा.

आणि पैसे आधी कुणाचे जाणार? माणसाचे नाहीत. बॉट नावाची प्रोग्रॅमची जात पान उघडायच्या आत स्टॉक आला की नाही ते सेकंदासेकंदाला तपासते, पत्ता-कार्ड भरून तयार असते, आणि मी 'पुढे चला' चं बटण शोधेपर्यंत पावती छापून मोकळी होते. 'एका ग्राहकाला एकच' ही अट असते, पण त्याला तोड म्हणून एकच पत्ता दहा तऱ्हांनी लिहितात: कुठे घर नंबर आधी, कुठे मजला आधी, कुठे एक स्वल्पविराम जास्त. संगणकाला ते दहा वेगळे ग्राहक वाटतात.

डिसेंबर-जानेवारीत माझा एक दिनक्रम होऊन बसला. स्टॉकची बातमी देणाऱ्या दोन सूचना-सेवा लावल्या होत्या. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचं. एकदा मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून कार्डाचा नंबर टाइप करत होते आणि बॉसने नेमका प्रश्न मलाच विचारला. एकदा आंघोळीतून तशीच आले. नवरा म्हणाला, "अगं थांब ना, सहा महिन्यांनी मिळेल सगळ्यांना." त्याचं बरोबर होतं. पण बरोबर बोलणाऱ्या माणसाचा त्या दिवसांत फार राग यायचा.

या काळात टंचाईबद्दल मी इतकं वाचलं की त्याचा वेगळा छंदच झाला. कंपनी मुद्दाम कमी माल सोडते, अशी माझी पक्की समजूत होती. तसं दिसेना. २०२० च्या शेवटच्या तिमाहीत पीएस५ चे ४५ लाख नग गेले, म्हणजे पीएस४ च्या पहिल्या हंगामाच्या तोडीस तोड. माल नेहमीएवढाच होता, घरात बसलेली माणसं मात्र नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होती. त्यातून पीएस५ ची मुख्य चिप एएमडी या कंपनीची, ती तयार व्हायची तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीत, आणि एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या स्पर्धक मशीनची नवी चिपही तिथलीच, शिवाय एएमडीचे कंप्युटरसाठीचे प्रोसेसरही. एकाच गिरणीत सगळ्यांचं दळण. आज सांगितलं आणि उद्या जास्तीची चिप मिळाली, असं तिथे होत नाही, महिने लागतात. मुद्दाम टंचाई करतात हा राग सोयीचा होता, तो गेला. मग उरला फक्त मधल्या माणसांवरचा राग.

ती मधली माणसं काय भावाने विकतायत हे मी आधी नुसतं 'बघायला' म्हणून बघू लागले. इथेच पाय घसरला. नोव्हेंबरात तिपटीने लावलेल्या जाहिराती होत्या, त्या बघून मी हसायचे. डिसेंबरात अडीच पट. सणासुदीनंतर भाव उतरला, दुपटीवर आला. आणि जानेवारीच्या शेवटी कुणीतरी पावणेदोन पटीने लावलं तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला शब्द होता: स्वस्त! मूळ किमतीशी तुलना करणं मी कधी सोडून दिलं ते माझं मलाच कळलं नाही. रोज तिप्पट बघणाऱ्याला पावणेदोन म्हणजे सेल वाटतो.

ठरवलं की घ्यायचं. पण घ्यायचं ठरवणं आणि घेणं यात दोन आठवडे गेले, कारण या बाजारात महाग विकणारे हे सगळ्यात सज्जन लोक असतात. त्यांच्या खालची पातळी वेगळीच. एका जाहिरातीत मशीनचे सुंदर फोटो, भावही बरा, आणि वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं की आपण खरेदी करत आहात तो फक्त फोटो आहे. मी दोनदा वाचलं. एकाने रिकामा खोका विकायला काढला होता, तोही 'अस्सल पीएस५ खोका' असं ठळक लिहून. एकाला मी सीलबंद खोक्याचा फोटो मागितला तर त्याने पाठवलेला फोटो मी आधीच दुसऱ्याच माणसाच्या जाहिरातीत पाहिला होता. एक बाई फार गोड बोलत होत्या; त्यांना आधी अर्धे पैसे आगाऊ हवे होते आणि कुरिअरने माल येणार होता. मी म्हटलं प्रत्यक्ष भेटू. त्यानंतर त्यांचं उत्तर आलं नाही.

तेव्हा मी स्वतःसाठी काही गोष्टी ठरवून घेतल्या. आगाऊ एक पैसा द्यायचा नाही. भेटायचं ते उजेडी, वर्दळीच्या जागी. आजच्या तारखेची चिठ्ठी खोक्यावर ठेवून काढलेला फोटो मागायचा. आणि अनुक्रमांक, म्हणजे सिरीयल नंबर, पूर्ण पाठवायला सांगायचं. हे शेवटचं चुकलं, शेवटचे चार आकडे झाकूनच मागायला हवा होता. पूर्ण नंबर कुणी शहाणा विक्रेता देत नाही, कारण तोच नंबर वापरून दुसरा कुणी वॉरंटीची खोटी तक्रार करू शकतो. हे मला नंतर त्या मुलानेच समजावलं. तोवर मी पूर्ण नंबर न देणाऱ्या दोन बऱ्या माणसांना लबाड समजून सोडून दिलं होतं.

तो मुलगा बावीस-तेवीसचा असेल. चिठ्ठीवाला फोटो पाच मिनिटांत पाठवला. भावात मात्र हलायला तयार नाही. "काल एक वाढवून मागत होते, पण मी तुम्हाला शब्द दिला," वगैरे नेहमीचं. एका बँकेच्या दाराशी भेटायचं ठरलं, कारण तिथे कॅमेरा होता आणि मला ते फार हुशारीचं वाटत होतं.

जाताना मी प्रवासाच्या बॅगा उचलून वजन करायचा छोटा काटा पर्समध्ये टाकला. पीएस५ चं डिस्कवालं पहिलं मॉडेल साडेचार किलोचं. खोका, कंट्रोलर, वायरी धरून भरणार त्याहून जास्तच. लोकांच्या खोक्यात विटा निघाल्याच्या गोष्टी मी वाचल्या होत्या, म्हणून हा बंदोबस्त. बँकेच्या दाराशी, मास्क लावून, मी त्याच्या खोक्याला पट्टा अडकवला आणि काटा वर उचलला. रखवालदार बघत होता. वजन बरोबर भरलं, मी समाधानाने मान हलवली. वीटसुद्धा हव्या त्या वजनाची मिळते, हे मला घरी येताना सुचलं.

तो मुलगा शांतपणे सगळं बघत होता. मग म्हणाला, "मुलासाठी घेताय का, काकू?"

पावणेदोन पट लागली नाही इतकी ती 'काकू' लागली. "नाही, मला खेळायचंय," म्हटलं. त्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि कोणता खेळ ते विचारलं. सांगितलं तर म्हणाला, "अवघड आहे तो." मी म्हटलं, "बारा वर्षांपूर्वी संपवलाय." तिथून पुढे तो जरा आदराने बोलायला लागला, पण भाव तोच.

खरी अडचण पुढे आली. सील तोडायच्या आधी त्याला पैसे हवे, आणि पैसे द्यायच्या आधी मला आतलं मशीन बघायला हवं. दोघांचंही बरोबर होतं. सील तुटलं की त्याच्या मालाचा भाव पडतो. न तोडता पैसे दिले तर मी आंधळी. शेवटी तोड निघाली: निम्मे पैसे आधी, मग सील तोडायचं, खोक्यावरचा आणि मशीनवरचा नंबर जुळवायचा, मग उरलेले. मी दुसऱ्या हाताने फोनवर सगळं चित्रित करत होते. नंबर जुळले. चालू होतं की नाही हे घरी गेल्याशिवाय कळणार नव्हतं. तेवढा विश्वास ठेवावाच लागला. बिलाची प्रत त्याने दिली, नावावर काळी रेघ मारलेली. वॉरंटी त्याच्या खरेदीच्या तारखेपासून सुरू, म्हणजे माझ्या वाट्याला दोन महिने कमी आणि बिलावर नाव भलत्याचं. हे जादा किमतीत धरायचं असतं. मी धरलं नव्हतं.

पैसे पोचल्याचा मेसेज येईपर्यंत आम्ही पाच-सात मिनिटं नुसतेच उभे होतो. मी विचारलंच, किती सुटतात? तो मोकळेपणाने बोलला. स्टॉकची आतली बातमी देणारा एक ग्रुप असतो, त्याची महिन्याची वर्गणी. बॉट त्याच्या मालकीचा नाही, भाड्याने घेतलेला. साइटवरून विकलं तर साइटचं कमिशन, म्हणून तो प्रत्यक्ष भेटून विकणं पसंत करतो. एका गिऱ्हाइकाने माल मिळाल्यावर कार्डाच्या कंपनीकडे तक्रार करून पैसे परत ओढले, त्यात त्याचा एक अख्खा नग गेला होता. दहा वेळा प्रयत्न केले की दोन-तीनदा लागतं. "तुम्हाला वाटतं तेवढे नाही सुटत," म्हणाला. मी मनात ज्याला तीन महिने शिव्या घातल्या तो कुणीतरी गोदामात खोके रचून बसलेला शेठ होता. हा तर कॉलेजची फी भरत होता. त्यामुळे माझा राग गेला असं नाही. फक्त तो कुठे ठेवायचा ते कळेना.

घरी आणलं, जोडलं, चालू झालं. त्या निळ्या उजेडाकडे बघत मी जो श्वास सोडला, तो आनंदाचा कमी आणि सुटकेचा जास्त होता. त्या रात्री स्टॉकच्या दोन्ही सूचना-सेवा बंद केल्या. खरं सांगायचं तर पहिले चार दिवस मला मशीनपेक्षा फोन न वाजण्याचंच सुख जास्त होतं.

आणि खेळ? सगळ्यात आधी जो खेळत बसले तो 'अॅस्ट्रोज प्लेरूम', मशीनमध्ये आधीपासून भरलेला, फुकटातला. छोटा यंत्रमानव, त्याच्या पावलागणिक कंट्रोलर हातात वेगळा थरथरतो; वाळूवर वेगळा, बर्फावर वेगळा. त्यात सोनीची जुनी मशीनं वस्तुसंग्रहालयासारखी मांडली आहेत, त्यात माझं पीएस३ दिसलं तेव्हा उगाच गलबलून आलं. मग 'डेमन्स सोल्स'. त्या राक्षसाने पुन्हा मारलं. छान वाटलं.

बाकी कपाट पाहिलं तर गंमत होती. त्या वेळी गाजत असलेला 'स्पायडर-मॅन: माइल्स मोरालेस' पीएस४ वरही होता. फक्त पीएस५ वरच चालणारा 'रिटर्नल' यायला एप्रिलचा शेवट उजाडला, 'रॅचेट अँड क्लँक' चा नवा भाग जूनमध्ये. म्हणजे एवढ्या घाईने आणलेल्या मशीनवर, मला हवं असं त्याचं स्वतःचं म्हणावं ते एकच. तेही मी आधी एकदा संपवलेलं!

अकरा आठवड्यांनी, एका दुकानाच्या ज्या यादीत नाव टाकून मी विसरले होते, तिथून ईमेल आला: आपला नंबर लागला आहे, मूळ किमतीत घ्या, चोवीस तास मुदत. मी कॅल्क्युलेटर काढला, जो काढायला नको होता. जादा दिलेली पाऊणपट भागिले अकरा. दर आठवड्याला मशीनच्या किमतीचा साधारण पंधरावा हिस्सा, नुसतं भाडं. त्या अकरा आठवड्यांत मी खेळले होते एकसष्ट तास. मशीनच तो हिशोब ठेवतं. नवऱ्याला आकडा सांगितला नाही. ईमेल त्या सहकाऱ्याच्या बहिणीला पुढे पाठवला, पण लिंक माझ्याच खात्याला बांधलेली होती. शेवटी मीच माझ्या नावावर मशीन मागवलं आणि तिला मूळ किमतीत दिलं. तिने मिठाई द्यायची म्हटली. मी नको म्हटलं, थोडी घाईनेच.

टंचाई सरली ती जानेवारी २०२३ मध्ये; तोवर तीन कोटी पीएस५ विकले गेले होते आणि आता हवं त्याला सहज मिळेल, असं कंपनीनेच जाहीर केलं. मला वाटलं, संपला विषय.

७ नोव्हेंबर २०२४ ला पीएस५ प्रो, म्हणजे त्याचं वरचं मॉडेल, आलं. त्याला डिस्क ड्राइव्ह (खेळांच्या डिस्का वाचणारा भाग) नसतो, वेगळा घेऊन बाजूला बसवायचा. पहिल्या मॉडेलमधला ड्राइव्ह काढून त्याला लागत नाही. मी बराच काळ पैसे साठवून प्रो घेतलं, रीतसर, मूळ किमतीत, आणि जुनं मशीन भाच्याला दिलं. सगळे खेळ डिस्कवर, आणि ड्राइव्ह कुठेच नाही. प्रो जाहीर झाल्यापासूनच लोकांनी ते उचलून ठेवले होते. जाहिराती बघायला गेले: दुप्पट. काय ते ओळखीचं वाटलं! फोनमध्ये 'पीएस५ मुलगा' या नावाने तो नंबर अजून होता. लिहिलं, "ड्राइव्ह आहे का?" मिनिटभरात उत्तर: "किती हवेत?"

त्या 'किती' वर मी फोन बंद केला. तीन-चार महिने डिस्का कपाटात नुसत्या उभ्या राहिल्या. भाच्याकडे जाऊन माझ्याच जुन्या मशीनवर खेळून यायचे.

मग दुकानांतून ड्राइव्ह पुन्हा दिसू लागले, आणि एका संध्याकाळी त्याचाच मेसेज आला. "काकू, ड्राइव्ह घेणार का? मूळ किमतीत देतो. आठ पडलेत."

मी लिहिलं, "मूळ किमतीत दुकानातून मिळतो, वर बिलावर माझं नाव. तू किती कमी करतोस?"

बराच वेळ 'टाइप करत आहे' दिसत राहिलं. "काकू, माझेही पैसे अडकलेत हो."

दहा टक्के कमीवर सौदा ठरला. त्याच बँकेच्या दाराशी भेटलो. या वेळी काटा नेला नव्हता, तर त्यानेच विचारलं, वजन नाही करणार का?